जाळं सोडताना पाय कुठे आहे?

मागच्या अंकात मी एवढंच म्हटलं होतं, की माझ्या पाहण्यात ट्रॉलरवर, म्हणजे मागे जाळं ओढत नेणाऱ्या बोटीवर, माणूस गेला तो वादळात कमी आणि निवांत समुद्रात, जाळं सोडताना नाहीतर ओढताना, जास्त. त्यावर बरीच पत्रं आली, काही रागाचीही. एका नाखव्याने, म्हणजे बोटमालकाने, लिहिलंय, "किनाऱ्यावर बसून आमच्या खलाशांना घाबरवू नका." घाबरवतोच आहे. प्रश्नांकडे वळू.

तांडेलकाका, १ ऑगस्टला मासेमारीची पावसाळी बंदी उठली की मी पहिल्यांदाच ट्रॉलरवर जाणार. घरची छोटी होडी आहे, त्यामुळे समुद्र नवा नाही. पण जाळं सोडताना मी कुठे उभं राहायचं, काय करायचं, हे कोणी सांगत नाही. "बघ आणि शिक" म्हणतात. — एक तरुण, हर्णे

बाळा, "बघ आणि शिक" हे गळाने मासे धरताना ठीक आहे, जाळ्याची वायर सोडणाऱ्या-ओढणाऱ्या विंचशेजारी नाही. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

डेकवर जाळं रचताना एकच नियम: जे शेवटी जायचं ते तळाशी, जे आधी जायचं ते वर. खोला, म्हणजे मासळी जमते ती जाळ्याच्या टोकाची पिशवी, सगळ्यांत आधी पाण्यात जातो, म्हणून तो वर. त्याच्या तोंडाची गाठ तांडेलाने स्वतः हात लावून बघायची. गाठ सैल राहिली तर तीन तास ओढलेलं सगळं परत दर्यात जातं. त्याने जीव जात नाही, पण त्यानंतर जी चिडचिड होते आणि जाळ्याची दुसरी पाळी ज्या घाईने सोडली जाते, त्यात जाऊ शकतो.

आता माणसं. तांडेल सुकाणूवर, एक जण विंचच्या ब्रेकवर, दोघे पिछाडीला दोन्ही बोर्डांपाशी, म्हणजे जाळ्याचं तोंड उघडं ठेवणाऱ्या जड फळ्यांपाशी. आमच्याकडच्या पुष्कळ बोटींवर केबिनमधून पिछाडी धड दिसत नाही. तेव्हा एक माणूस असा हवा की ज्याला पिछाडी, विंच आणि तांडेल तिन्ही दिसतात आणि ज्याच्या हातात दुसरं काही काम नाही. मालकाला तो रिकामा उभा वाटतो. इंजिनाच्या आवाजात ओरडणं ऐकू जात नाही, म्हणून त्याचा हात वर गेला की सगळं थांबलं पाहिजे. आणि हा हात वर करायचा हक्क तुलाही आहे, नवा असलास तरी. ज्या बोटीवर नव्या पोराने थांबवलं म्हणून शिव्या पडतात, ती बोट सोड.

बोट सरळ आणि हळू पुढे जात असताना खोला पाण्यात टाकतात. पाण्याने तो धरला की मागचं जाळं आपोआप ओढलं जातं. वरच्या दोराचे बोये, खालच्या दोराची शिशाची वजनं आणि साखळी धडाधड निघतात. अपघाताची ही पहिली जागा. जाळं कुठे अडलं तर ते पायाने ढकलायचं नाही, त्यावर चढायचं तर मुळीच नाही. हात वर कर. गती कमी होऊ दे, मग लांब काठीने सोडव. बोट पूर्ण उभी करू नये, मागे तर येऊच देऊ नये. जाळं खाली बसून बोटीच्या पंख्यात गेलं की पुढची रात्र तुमची तिथेच जाते. जाळं ज्या वेगाने निघतं त्या वेगापुढे शर्टाचं बटण, घड्याळाचा पट्टा, मोबाइलची गळ्यातली दोरी, काहीही अडकायला पुरतं. लुंगी लावून पिछाडीला जायचं नाही. पिछाडीला हाताशी येईल अशा जागी म्यानात धारदार सुरी बांधलेली असली पाहिजे. कोणाचा पाय दोरात गेलाच, तर ती शोधायला वेळ नसतो.

डेकवर दोराचा किंवा वायरचा वळसा पडलेला दिसला तर त्याच्या आत पाय टाकू नकोस, क्षणभरही नाही. आणि वायर कप्पीवरून वळते तिथे जो कोन तयार होतो, त्या कोनाच्या आतल्या बाजूला उभा राहू नकोस. कप्पी तुटली की ताणलेली वायर सरळ होते आणि मधे जे असेल ते कापून जाते. हे बहुतेक खलाशांना ठाऊक नसतं. त्यांना आतली बाजू आडोशाची वाटते.

दुसरी जागा बोर्डांची. जाळं आणि त्याचे लांब दोर गेले की सगळा ताण बोर्डांवर द्यायचा असतो. तोवर बोर्ड पिछाडीच्या लोखंडी कमानीला साखळीने टांगलेले असतात आणि लाटेबरोबर बोटीवर आपटत असतात. कडी जोडताना आणि साखळी काढताना बोर्ड आणि बोट यांच्या फटीत हात घालायचा नाही. आधी विंचवाल्याने वायर ओढून बोर्डाचं वजन वायरवर घ्यायचं, त्याने खूण करायची, मग साखळी काढायची. उलट क्रमाने केलं तर बोर्ड खाली पडताना हात घेऊन जातो. मग दोन्ही बोर्ड एकदमच पाण्याच्या जेमतेम खाली सोडायचे आणि बघायचं, बाहेरच्या बाजूला पळतायत का. एक पळाला आणि दुसरा आडवा झाला किंवा दोघांच्या वायरी एकमेकींवर गेल्या, तर तिथेच थांबायचं. खाली गेल्यावर सरळ होईल, असं म्हणणारे खूप भेटतील. नाही होत.

शेवटी वायर. ब्रेकवर धरून, दोन्हीकडे सारखी. वायरवर ठराविक वावांवर (एक वाव म्हणजे सहा फूट) रंग किंवा सुतळीची खूण असते, ती दोन्ही बाजूंना एकाच वेळी गेली पाहिजे. वीस वाव पाण्यात साधारण शंभर वाव वायर, म्हणजे पाचपट, सोडतात. पाणी खोल झालं की हे प्रमाण कमी होत तिपटीवर येतं. वायर गुंडाळायच्या विंचच्या पिंपावर चार-पाच वेढे शिल्लक राहिलेच पाहिजेत. दोन्ही ब्रेक घट्ट झाले, की मगच पिछाडीच्या माणसांनी जागा सोडायची. आणि वायर जात असताना बोट वळवायची नाही, मासा कितीही दिसत असो.

तू यातलं पहिल्या दिवशी काहीच करू नकोस. पहिल्या दोन-तीन पाळ्या केबिनच्या आडून बघ, कोण कुठे पाय ठेवतो तेवढंच बघ.

तुम्ही सांगता तशी विंचला जाळी, दांडा, नवे ब्रेक, हे सगळं करायचं तर पैसा कोण देणार? डिझेलचेच वांधे आहेत. आणि माझे निम्मे खलाशी नेपाळचे, त्यांना समजवायचं कसं? — नाखवा, रत्नागिरी

नाखवाशेठ, सुरुवातीला सांगितलेलं ते रागाचं पत्र तुमचंच होतं का, हे विचारत नाही.

आपल्या लाकडी ट्रॉलरवरची विंच बहुधा मुख्य इंजिनावरच चालते, साखळीने नाहीतर पट्ट्याने. तिला एक बटण दाबून बंद करायची सोय नसते. क्लच सोडायला माणूस तिथे पोहोचायला लागतो. म्हणून तिच्यात हात गेला की हात राहतो आणि विंच फिरत राहते. फिरणाऱ्या साखळीवर आणि दातेरी चाकांवर पत्र्याचं झाकण घालायला वेल्डरचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. क्लचचा दांडा लांब करून तो दुसऱ्या बाजूनेही ओढता येईल असा करायला आणखी थोडं. या दोन गोष्टी पुढच्या पाळीपर्यंतही थांबवण्यासारख्या नाहीत.

सगळ्यात जास्त बोटं जातात ती वायर पिंपावर नीट बसवताना. वायर एका जागी ढीग करायला लागली की खलाशी हाताने, नाहीतर पायाने ढकलतो. याला लोखंडी पहार वापरायची, बिजागरीवर बसवलेली असेल तर उत्तम. सैल लोकरी हातमोजे घालून तर वायरला हात लावूच देऊ नका: तुटलेल्या तारेचा काटा मोज्यात घुसतो आणि मोजा हातासकट पिंपाखाली जातो. काटे उभे राहिलेत, म्हणजे तो तुकडा कापून नवा जोड द्यायची वेळ झाली. पूर्ण वायर बदलणं परवडत नसेल तर बंदीच्या दोन महिन्यांत ती उलटी करून भरा. बोर्डाकडचं झिजलेलं टोक आत जातं, आतलं ताजं बाहेर येतं. ब्रेकच्या पट्ट्यावर ग्रीस सांडलंय का हेही तेव्हाच बघा. वायर सोडताना ब्रेकमधून धूर येतो आणि सगळे हसतात, असल्या बोटी मी पाहिल्या आहेत.

नेपाळच्या पोरांचं म्हणाल तर ती हुशार असतात, पण अनेकांनी बोटीवर चढेपर्यंत समुद्र पाहिलेला नसतो. "हळू", "थांब", "सोड", "ओढ" हे चार शब्द आणि त्यांच्या चार हातखुणा मिरकरवाड्यात बोट बांधलेली असताना, इंजिन बंद करून, रिकाम्या वायरवर करून घ्या. एक संध्याकाळ जाईल. तुम्ही त्यांना "ए बहादूर" अशीच हाक मारत असाल तर आधी त्यांची नावं पाठ करा. धोक्याच्या वेळी चौघे बहादूर एकदम वळून बघतात, आणि हलायचं असतं एकालाच.

बोर्ड तर एकाच बोटीला बांधलेले असतात. मग ते एकमेकांपासून लांब कसे जातात? — इयत्ता नववी, मालवण

छान प्रश्न. बोर्ड सरळ ओढला जात नाही. त्याला वायर अशी बांधतात की तो पाण्यात तिरका उभा राहतो आणि पाणी त्याच्या एका अंगावर आपटतं. दोरा हातात असूनही पतंग वाऱ्याने वर चढतो तसा बोर्ड पाण्याने बाजूला चढतो. डावा डावीकडे, उजवा उजवीकडे. जाळ्याचं तोंड त्यामुळेच उघडं राहतं. हे चालतं फक्त पाणी वाहत असेपर्यंत, म्हणजे बोट चालत असेपर्यंत. वेग दोन-तीन नॉटचा असतो. बोट थांबली की बोर्ड आडवे पडतात.

कोळंबीसाठी ओढत असताना जाळं खाली कशाला तरी घट्ट अडकलं. तांडेलाने पूर्ण रेस दिली, बोट एका बाजूला कलली, डेकवर पाणी आलं. कसेबसे वाचलो. तो म्हणतो, "रेस दिली म्हणून सुटलो." खरं काय? — खलाशी, देवगड

खरं हे की तुम्ही नशिबाने सुटलात. ट्रॉलर उलटण्याचा हा जुना आणि ठरलेला रस्ता आहे, म्हणून नीट वाच आणि जमलं तर तांडेलालाही वाचून दाखव.

जाळं खडकाला, बुडालेल्या गलबताला किंवा कोणी टाकून दिलेल्या नांगराला अडकलं की बोट जमिनीला बांधल्यासारखी होते. वायरींचा ताण पिछाडीच्या कमानीवर, म्हणजे डेकच्याही वर, येतो. रेस दिली की पिछाडी खाली ओढली जाते आणि मागून येणारी लाट आत येते. दोन्ही वायरी ताणलेल्या असतील तोवर बोट निदान सरळ असते. एक बाजू सुटली की अख्खा भार दुसऱ्या कोपऱ्यावर जातो आणि बोट त्या बाजूला झोपते. त्यात तांडेलाने वळायचा प्रयत्न केला, वायर बोटीच्या कुशीत आली आणि प्रवाहही त्याच बाजूने असला, तर काही सेकंदांचं काम उरतं.

म्हणून पहिली गोष्ट: रेस कमी, गिअर न्यूट्रल. दुसरी: बर्फाच्या खणाची झाकणं आणि इंजिनकडे उतरायचं दार बंद. ही खरं तर ओढताना कायमच बंद हवीत, पण उकाडा होतो म्हणून उघडी ठेवतात. डेकवरचं पाणी बाहेर जायच्या भोकांपुढे मासळीचे क्रेट, दोर, गोणी असतील तर काढा. ही भोकं बुजली की आत आलेलं टनावारी पाणी डेकवरच हेलकावे खात राहतं.

मग विंचने दोन्ही वायरी सारख्याच, हळूहळू, आत घ्यायच्या, म्हणजे बोट आपोआप मागे मागे अडचणीच्या डोक्यावर जाते. पुष्कळदा उलट्या दिशेने ओढलं की जाळं मोकळं होतं. वायरी उभ्या व्हायला आल्या की सावध. लाटेने बोट वर उचलली की त्या क्षणी ताण भलताच वाढतो. ब्रेकवाल्याने लाटेसरशी थोडी ढील द्यायची, खाली येताना परत घ्यायची. बोट एका अंगाला झुकू लागली तर त्या बाजूचा ब्रेक विचार न करता सोडायचा. डोलकाठीच्या उंच कप्पीतून वर उचलायचा मोह टाळा. ताण जितका उंच, तितकी बोट कलायला सोपी.

तरीही निघत नसेल तर सोडून द्या. जाळं, बोर्ड, वायर मिळून लाखांचं नुकसान, मला ठाऊक आहे. पण ताणलेली वायर कुऱ्हाडीने तोडायला जाऊ नका, ती उलटी येते. ब्रेक मोकळा करा आणि वायर संपू द्या. यासाठीच वायरचं आतलं टोक पिंपाला वेल्डिंग करून किंवा जाड कडीने कायमचं अडकवू नये. ते अशा दोराने बांधावं की झटका बसला तर तुटेल. जाता जाता त्या टोकाला बोया बांधा, जीपीएसवर जागा टिपा आणि बंदरात आल्यावर ती इतरांना सांगा. चांगल्या मासळीची जागा लपवतात हे समजू शकतो. अडचणीची जागा लपवणाऱ्याला मी तांडेल म्हणत नाही.

देवगड-विजयदुर्गकडच्यांसाठी एक जास्तीचं. पश्चिमेला दूर समुद्रात आंग्रिया बँक हा पाण्याखालचा उंचवटा आहे. तिथे तळाला प्रवाळ आहे. जाळ्यासाठी वाईट आणि जाळं प्रवाळासाठी त्याहून वाईट. तिथे ट्रॉल नकोच. मुंबईबाहेर तेलाच्या फलाटांभोवती ५०० मीटरची हद्द असते, तिच्या आत जायला मनाई आहे. फलाटाखाली मासळी जमते म्हणून काही जण जातात. त्या तळावर पाइपलाइनी आहेत, आणि वर दिलेली सगळी कथा तिथे तेलासकट घडू शकते.

लाइफ जॅकेट घातलं की काम होत नाही, घाम येतो, जाळ्यात अडकतं. सक्ती कशाला? — वेसावे

नारिंगी, जाडजूड, छातीवर पट्टे लोंबणारं जॅकेट घालून जाळं सोडता येत नाही, हे अगदी मान्य. ते बोट सोडायची वेळ आल्यावरचं. कामाच्या वेळी घालायचं वेगळं मिळतं: पातळ, अंगाला बसणारं, पाण्यात पडलं की हवा भरून फुगणारं. सगळ्यांना घेणं जमत नसेल तर निदान पिछाडीच्या दोघांना घ्या. पोहता येतं म्हणून नको, असं म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, की बोर्डाने डोक्याला मारल्यावर कसं पोहणार?

माझ्या नवऱ्याच्या उजव्या हाताची दोन बोटं विंचमध्ये गेली. मालक म्हणतो, चूक त्याचीच. काही मिळेल का? — एक ताई, अलिबाग तालुका

ताई, चूक कोणाची हा वाद आत्ता बाजूला ठेवा, त्यात महिने जातात. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमारांसाठी सामूहिक अपघात विमा आहे. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख, कायमचं अंशतः अपंगत्व असेल तर २.५ लाख आणि अपघातानंतर इस्पितळात राहावं लागलं तर २५ हजारांपर्यंत. अपघाताच्या दिवशी तुमच्या यजमानांचं नाव त्यात नोंदलेलं होतं का, हे आधी तुमच्या मच्छीमार सोसायटीत आणि मत्स्यव्यवसाय विभागाच्या तालुक्याच्या कार्यालयात जाऊन बघा. इस्पितळाचे सगळे कागद, डिस्चार्ज कार्ड, बिलं जपून ठेवा. अपंगत्वाचा दाखला सरकारी डॉक्टरांकडून घ्या. कोणत्या रकमेला तुम्ही बसता ते त्यावर ठरेल. बोटीचा नोंदणी क्रमांक आणि त्या फेरीला बरोबर असलेल्या दोन खलाशांचे लेखी जबाब आत्ताच घ्या. हंगाम संपला की ती मुलं गावाला जातात आणि सापडत नाहीत. मालकाची नुकसानभरपाईची जबाबदारी ही या विम्यापेक्षा वेगळी गोष्ट आहे, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मोफत वकील मिळतो. महिलांना तर उत्पन्नाची अटही नाही.

आणि यजमानांना सांगा, विंचवर झाकण नव्हतं हे जबाबात लिहून द्या. ते लिहायचं राहतं.

मी मर्चंट नेव्हीत थर्ड ऑफिसर आहे. मुंबईच्या वाटेवर रात्री ट्रॉलरांचा थवाच्या थवा समोर येतो. जाळं टाकलंय की नुसतेच चाललेत, हे कसं ओळखायचं? — पुण्याचा वाचक, सध्या समुद्रावर

नियम तुम्ही परीक्षेपुरता पाठ केलाच असेल: वर हिरवा, खाली पांढरा दिवा म्हणजे ट्रॉल ओढतोय, दिवसा टोकाला टोक लावलेले दोन काळे शंकू. वीस मीटर आणि त्याहून लांब ट्रॉलरांना एकमेकांच्या जवळ मासेमारी चालली असेल तर आणखी खुणा असतात: जाळं सोडताना दोन पांढरे दिवे एकाखाली एक, ओढून घेताना पांढऱ्याखाली लाल आणि जाळं अडकलं असेल तर दोन लाल. आमच्या बहुतेक बोटी त्याहून लहान. प्रत्यक्षात तुम्हाला डेकवर झगमगणारे दिवे दिसतील आणि त्यात हिरवा कुठे हरवला ते कळणार नाही. हा आमचा दोष आहे, त्याबद्दल मी इथे वेगळं लिहीन.

तोवर वेगाकडे बघा. दोन-तीन नॉटने, सरळ रेषेत जाणारी बोट ओढते आहे असं धरा आणि तिच्या मागून जायचं झालं तर निदान अर्धा मैल सोडून जा. शंभर वाव वायर म्हणजे १८० मीटरच्या वर झाली आणि जाळं त्याच्याही मागे असतं. दोन लाल दिवे दिसले तर ती बोट तुमच्या वाटेतून बाजूला होऊच शकत नाही. व्हीएचएफ रेडिओच्या चॅनल १६ वर हाक मारून बघा. उत्तर येईलच असं नाही, हिंदीत मारली तर यायची शक्यता जास्त. कोणी संकटात दिसलं तर तटरक्षक दलाला कळवा. मोबाइलची रेंज असेल तर शोध आणि बचावासाठी त्यांचा क्रमांक १५५४.